बसतं का

मिरजेत, दवाखान्याच्या तळमजल्यावर,
एक्स-रेच्या दाराला लागून माझं टेबल.
पाटीवर 'मदत कक्ष' लिहिलंय,
लोक मात्र एवढंच विचारतात :
"ताई, बसतं का?"
मी स्क्रीनवर बघते आणि सांगते,
बसतं.
किंवा बसत नाही.
नऊ वर्षं झाली. पगार या दोन वाक्यांचा.

मालनबी शिकलगार पहिल्यांदा आली तेव्हा
तिच्याकडे पिवळं रेशनकार्ड होतं, आधार होतं,
आणि दोन्ही पाय होते.
सावळजच्या शेडवर बेदाणा निवडते म्हणाली.
काळा एकीकडे, हिरवा एकीकडे, काडी खाली.
सांजपर्यंत बोटं एकमेकांना चिकटतात.
"तोंडात दाणा टाकत न्हाई वं, मालक बघतोय,
मग एवढी साखर येती कुठनं?"

तीनशे ऐंशी होती.

तिला इन्सुलिन हवं होतं, सुया हव्या होत्या,
बोट टोचून बघायच्या पट्ट्या हव्या होत्या,
ज्यांची एक डबी म्हणजे दोन दिवसांची निवडणी.
मी यादी वर केली, खाली केली.
इन्सुलिन बसत नव्हतं.
पट्ट्या तर नव्हत्याच.
"ॲडमिट झालात तर बसेल," मी म्हणाले.
ती हसली.
"म्हंजे पडल्यावर उचलणार.
पडताना हात देणार न्हाई."

मग तिनं आपलं आपण बसवलं.
चार माणसं जास्त आली की कालवण वाढवतात
तसा तिनं महिना वाढवला :
वीसच्या जागी बारा, सणाला वीस,
बाटली माठाशेजारी ओल्या फडक्यात.
आरोग्य केंद्रात कधी मिळायचं,
कधी पुढच्या सोमवारी मिळायचं.
सोमवारची मजुरी बुडवून
ती दोनदा गेली. तिसऱ्यांदा गेली नाही.

शेडवरच्या जाळीची तार टाचेत शिरली
तेव्हा तिला कळलंच नाही.
जावेला कळलं,
फरशीवर उमटलेली पावलं लाल का, म्हणून.

दुसऱ्यांदा ती पोराच्या टेम्पोतून आली.
वास तिच्या आधी माझ्या टेबलापाशी पोचला.
सर्जननी कागदावर एक ओळ लिहिली, गुडघ्याखाली,
मी ती ओळ टाकली
आणि बसलं.
पहिल्या झटक्यात बसलं!
संध्याकाळच्या आत मंजुरी, एक पैसा भरायचा नाही.
मी खुर्चीतून उठून ओरडले, "मालनबी, बसलं!"
बाकावरची माणसं वळून बघायला लागली.
तिचा पोरगा माझ्या पाया पडला.

पाया.

नियमाप्रमाणे दोन फोटो लागतात,
आधीचा आणि नंतरचा.
दोन्ही मीच अपलोड केले.

हे कुणाला सांगितलं नाही :
माझी साखर काठावर आहे.
दर तीन महिन्यांनी दवाखाना माझं रक्त घेतो, फुकट,
मॅडम येता-जाता ओरडतात, "काय गं, चालतेस का रोज?"
मी चालते. कृष्णाघाटापर्यंत आणि परत.
मालनबीहून शहाणी आहे म्हणून नव्हे,
टेबलाच्या अलीकडे आहे म्हणून.
कधी दुपारी गर्दी ओसरली की
चपला काढून टेबलाखाली बघते.
दहाच्या दहा.

परवा ती आली, तिसऱ्यांदा,
नवा पाय घेऊन. बुटासकट.
"बसतो का?" मी विचारलं,
माझ्या तोंडून सवयीनं तेच येतं.
"बसतो," ती म्हणाली, "पण घासतो.
उकिडवं बसता येत न्हाई, निवडायला स्टूल घेतलाय.
स्टुलाचे पैसे मालकानं कापले."
पदराखालून पुडी काढून तिनं टेबलावर ठेवली.
"खा. बघ, एक काडी सापडायची न्हाई."

मग जरा पुढं वाकून,
कुणी ऐकू नये अशा आवाजात :
"आणि ते इन्सुलिनचं?
आता तरी?"

मला माहीत होतं.
तरी मी स्क्रीन तिच्यापासून थोडी वळवली,
यादी वर केली, खाली केली.
"बघते हं," म्हणाले.